पंचेचाळीस दुकानं, एकच पासवर्ड

प्रश्न : ताई, तासगावात माझं बिलिंग सॉफ्टवेअर विकण्याचं आणि सांभाळण्याचं काम आहे. कृषी सेवा केंद्रं, बेदाण्याचे व्यापारी, दोन मेडिकल असे ४५ ग्राहक आहेत. प्रत्येकाच्या कॉम्प्युटरवर एनीडेस्कची, म्हणजे दुरून दुसऱ्याचा कॉम्प्युटर चालवता येणाऱ्या ॲपची, फुकट आवृत्ती टाकलीय आणि सगळीकडे एकच कायमचा पासवर्ड ठेवलाय. त्यामुळे मालक जेवायला गेला तरी काम अडत नाही. माझ्याकडे कामाला असलेली दोन्ही मुलं तोच वापरतात. गेल्या आठवड्यात एका अडत्यानं ‘हे काढून टाका, यानंच लोकांचे बँकेतले पैसे जातात’ असा हट्ट धरला. त्यांना काय सांगू? माझं कुठे चुकतंय का?
– एक वाचक, तासगाव

उत्तर : तुमच्या अडत्याची भीती खरी आहे. फेब्रुवारी २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेनं याच ॲपचं नाव घेऊन बँकांना सावध केलं होतं. भामटा फोन करतो, ॲप टाकायला लावतो, स्क्रीनवरचा कोड विचारतो, परवानग्या मिळवतो आणि यूपीआयवरून पैसे काढतो. आता बघा, तुम्हीही फोनवर कोडच मागता. तुमच्यात आणि त्याच्यात काय फरक, हे त्या माणसानं ओळखायचं कशावरून? म्हणून आधी हे ठरवा : तुमच्याकडून कधीच फोन जाणार नाही. अडचण आली की ग्राहकच तुमच्या दुकानाच्या नंबरवर फोन करेल, मगच जोडणी. तसं छापून प्रत्येक मॉनिटरच्या कडेला चिकटवा.

पासवर्डबद्दल मात्र मला जरा सविस्तर सांगायचंय. मी बरीच वर्षं इचलकरंजीत सूत व्यापाऱ्यांचे हिशेब चालू ठेवण्याचं काम केलं. माझ्याही साठ ग्राहकांकडे एकच पासवर्ड होता. एक मुलगा काम सोडून गेला, भांडून नव्हे, पुण्याला चांगली नोकरी लागली म्हणून. पासवर्ड बदलायचा तर साठ पेढ्या फिराव्या लागणार, म्हणून मी आज-उद्या करत राहिले. चार महिन्यांनी रात्री साडेनऊला एका व्यापाऱ्याचा फोन आला, ‘‘ताई, आत्ता तुम्ही आत आहात का? बाण आपोआप हलतोय.’’ मी घरी जेवत होते. त्यांनी नेटची वायर उपटली, पैसे वाचले. आत कोण होतं, ते मला आजतागायत कळलेलं नाही. काम सोडून गेलेल्या त्या मुलाचा त्यात हात होता असंही मी म्हणणार नाही. इतक्या जणांना माहीत असलेला पासवर्ड कुठून फुटला, हे शोधताच येत नाही. त्या गृहस्थांनी मला पुन्हा कधी मशीनला हात लावू दिला नाही, आणि त्यांचं बरोबर होतं.

तेव्हा कायमचा पासवर्ड काढा. मालक समोर बसलेला असेल, त्यानं स्वतः ‘स्वीकारा’ दाबलं, तरच आत जायचं. जेवणाच्या वेळी काम अडेल, अडू द्या. चारची वेळ ठरवून घ्या. एखाद्या घाऊक व्यापाऱ्याच्या सर्व्हरवर रात्री काम करावंच लागत असेल, तर त्या एका मशीनला वेगळा, लांब पासवर्ड ठेवा. परवानगीच्या यादीत फक्त तुमच्या दुकानाचा आयडी घाला, दुहेरी पडताळणी (पासवर्डनंतर मोबाइलवरचा कोडही विचारणारी) चालू करा आणि मालकाची लेखी संमती घ्या. दोन्ही मुलांना स्वतंत्र लॉगिन द्या. मुलगा काम सोडेल त्याच संध्याकाळी त्याचं लॉगिन बंद.

जोडणी चालू असताना बँकेचं पान बंद करायला सांगा, आणि जीएसटीसाठी लावून ठेवलेला डिजिटल सहीचा डोंगल काढायला लावा. तो दिवसभर मशीनलाच लटकलेला असतो, हे मी कितीतरी पेढ्यांवर पाहिलंय. ग्राहकाच्या मोबाइलची स्क्रीन तर घेऊच नका, तिथे ओटीपी दिसतात. आणि कुठल्या दुकानात राउटरवर ३३८९ हा पोर्ट, म्हणजे विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपनं आत यायचा दरवाजा, बाहेरून उघडा ठेवला असेल, तर हे वाचून झालं की आधी तो बंद करा. असे उघडे पोर्ट शोधत फिरणारे प्रोग्रॅम रात्रंदिवस चालू असतात.

एनीडेस्कची फुकट आवृत्ती फक्त घरगुती वापरासाठी असते, धंद्याला ती चालत नाही. रस्टडेस्क हे तसंच काम करणारं मुक्त सॉफ्टवेअर स्वतःच्या सर्व्हरवर चालवता येतं. त्या सर्व्हरचा पत्ता आणि सार्वजनिक किल्ली (त्याची ओळख पटवणारी अक्षरांची ओळ) ग्राहकाच्या मशीनवर भरली की जोडणी तुमच्याच सर्व्हरमार्फत होते. पण तो सर्व्हर अद्ययावत ठेवणारं माणूस तुमच्याकडे नसेल, तर त्या वाटेला जाऊ नका, सरळ परवाना विकत घ्या. विकत घेतलं म्हणून निर्धास्तही राहू नका. फेब्रुवारी २०२४ मध्ये एनीडेस्कनं स्वतःच आपल्या यंत्रणेत घुसखोरी झाल्याचं जाहीर केलं, जुनी प्रमाणपत्रं (ॲप खरंच त्यांचंच आहे हे पटवणाऱ्या डिजिटल सह्या) रद्द केली आणि नवी आवृत्ती घ्यायला सांगितलं. तेव्हा कुठल्या दुकानात कोणती आवृत्ती आहे, हे तुमच्या वहीत लिहिलेलं हवं. आणि उद्या एखाद्या ग्राहकाचे पैसे गेलेच, तर पहिला फोन १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, मग तुम्हाला.

अडत्याकडे स्वतः जा, फोनवर समजावू नका. त्यांच्यासमोर पासवर्ड काढा. आत आलेल्या जोडण्यांची नोंद मशीनवरच एका फाइलमध्ये असते. ती उघडून तारखा-वेळा त्यांना दाखवा, तुमच्या वहीशी ताडून पाहू द्या. तरीही ते ‘काढाच’ म्हणाले, तर काढा, आणि त्यांच्याकडे गाडी काढून जात राहा.