विषमतेवर संशोधन सुरू करतोयस, तर आधी एवढं बघ

भारत आणि ब्राझीलचे गिनी निर्देशांक (विषमता मोजणारा आकडा, जितका मोठा तितकी दरी जास्त) शेजारी मांडून लगेच निष्कर्ष काढू नकोस. आपली राष्ट्रीय नमुना पाहणी वर्षानुवर्षं घरखर्च मोजत आली, ब्राझीलमध्ये उत्पन्न मोजतात. खर्चातली दरी साधारणपणे कमीच दिसते, कारण श्रीमंत माणूस कमावतो तेवढं खर्च करत नाही.

आकडेमोड जमेल रे, खरी कसोटी प्रश्नाची. महाराष्ट्राची रोजगार हमी योजनाच घे: १९७२च्या दुष्काळात विस्तारली, १९७७ला कायदा झाला, आणि त्यासाठी पगारदारांवर व्यवसाय कर बसला. खेड्यातल्या मजुरीचा भार शहरांनी का सोसला? विधिमंडळातल्या चर्चा मुळातून वाच, जुनी हजेरीपत्रकं मिळाली तर सोडू नकोस. पहिल्या शोधनिबंधासाठी याहून कसदार विषय मला तरी दिसत नाही.