वॉटर स्कूटरचा वेग का अडतो?

प्रश्न : माझ्या टू-स्ट्रोक वॉटर स्कूटरचे इंजिन कमी गतीला उत्तम चालते, मात्र पूर्ण थ्रॉटल देऊनही वेग वाढत नाही. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह बिघडला असेल का?

उत्तर : शक्यता दाट आहे. कमी गतीला व्हॉल्व्हची पात एक्झॉस्ट पोर्टचा (जळलेला वायू बाहेर पडण्याच्या वाटेचा) वरचा भाग झाकते आणि गती वाढली की एक्झॉस्टच्याच दाबाने रबरी बेलोज (घड्यांचा भाता) फुगून ती मागे सरकते. बेलोज फाटला किंवा जळक्या तेलाची काजळी साचली, तर पात मिटलेलीच राहते आणि वेग अडतो. इंजिन थंड झाल्यावर व्हॉल्व्ह काढा, रबरी भाग वेगळे करून काजळी क्लीनरने मऊ करा व पुसा. बेलोजच्या घड्या ताणून उजेडात धरल्यास बारीक चीरही दिसते. दाब पोहोचवणारी छिद्रे मोकळी करायला विसरू नका. पात पूर्वीच्याच बाजूने बसवा. उलटी बसल्यास ती पिस्टनवर आदळू शकते.