रोइंग मशीनवर कंबर दुखू नये म्हणून काय करावं?

तुम्ही लिहिलंय की मशीनवर पंधराएक मिनिटं झाली की कंबर भरून येते, आणि जिममध्ये सगळे फक्त "पाठ सरळ ठेव" म्हणतात. मी नागपुरात धरमपेठेतल्या एका जिममध्ये शिकवतो. नव्या लोकांची हीच तक्रार रोज ऐकतो, म्हणून ठामपणे सांगतो : कंबर दुखते ओढताना, पण बिघाड त्याआधी, पुढे येताना होतो.

हँडल पोटाशी आलं की बहुतेक जण लगेच गुडघे वाकवून पुढे घसरतात. मग हात गुडघ्यांवरून उचलून न्यावे लागतात आणि शेवटी, हात पुढे पोचावा म्हणून, कंबर गोल होते. पुढच्या स्ट्रोकचा सगळा भार त्या गोल कंबरेवर येतो. म्हणून आधी हात सरळ करा, मग खुब्यातून धड थोडं पुढे झुकवा, आणि हात गुडघ्यांपलीकडे गेल्यावरच गुडघे वाकवा. नडग्या उभ्या झाल्या की थांबा. ओढताना क्रम उलटा : पाय, धड, शेवटी हात. सीट मागे गेली आणि हँडल जागच्या जागीच राहिलं, तर पायांचा जोर फुकट गेला आणि काम कंबरेवर पडलं.

खुब्यातून वाकणं मशीनवर शिकू नका. उभं राहा, गुडघे किंचित सैल सोडा आणि दोन्ही हातांत पिशव्या असताना दार बुडानं ढकलतो तसं बूड मागे न्या. पाठ न वाकता धड आपोआप पुढे येतं. मिहानमधल्या कंपन्यांत दिवसभर खुर्चीत बसून येणाऱ्यांना हे जड जातं, कारण मांडीमागचे स्नायू आखडलेले असतात. त्यांना मी पाय टेकवायची पट्टी एक-दोन भोकं खाली घ्यायला लावतो. पुढे झुकणं लगेच सोपं होतं.

पंख्याच्या मशीनवर १ ते १० आकड्यांचा खटका असतो. पोरं तो १० वर नेतात आणि वर म्हणतात, "सर, जोर तर लावून राहिलो ना!" खटका फक्त पंख्यात किती हवा जाईल ते ठरवतो. जास्त हवा गेली की चाक लवकर मंदावतं आणि प्रत्येक स्ट्रोकची सुरुवात जड होते. कंबर दुखत असेल तर ३ ते ५ पुरे. मिनिटाला १८ ते २२ स्ट्रोक ठेवा.

आपल्याकडच्या उन्हाळ्याचंही एक आहे. एप्रिल-मेमध्ये लोक पहाटेच जिममध्ये येतात आणि अंथरुणातून उठून थेट मशीनवर बसतात. रात्रभरात मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून फुगलेल्या असतात, त्यामुळे उठल्या उठल्या वाकलं तर त्यांच्यावर जास्त ताण येतो. अर्धा तास तरी चाला, मग बसा.

सलग अर्धा तास ओढू नका. थकल्यावर पाठीची ठेवण सुटतेच, म्हणून सध्या पाच-पाच मिनिटांचे तुकडे करा आणि मधे उठून उभं राहा. मोबाईलवर बाजूने व्हिडिओ काढा, शेवटच्या तुकड्याचा. पहिल्यात सगळ्यांचीच पाठ चांगली दिसते.

दुखणं पायात उतरत असेल, मुंग्या किंवा बधिरपणा असेल, तर मशीन बंद आणि हाडांच्या डॉक्टरांकडे जा. लघवी-शौचावरचा ताबा गेला किंवा जांघेत बधिर वाटलं, तर त्याच दिवशी, त्याच तासाला दवाखाना गाठा.