पहिली टोपली विणताय? आधी साहित्य ओळखा

पहिल्यांदाच टोपली विणायला घेताय, हा तुमचा उत्साह पाहून बरं वाटलं. सुरुवातीला बांबू तासायच्या भानगडीत पडू नका, त्याला हात बसायला वेळ लागतो. लांब, लवचिक वेली किंवा खजुरीच्या पाती घ्या.

सगळ्यात जास्त फसगत होते ती ओल्या साहित्यामुळे. ताजी वेल हातात छान वळते, म्हणून लोक तोडल्या तोडल्या विणायला बसतात. महिन्याभरात ती सुकून आकसते आणि घट्ट विणलेली टोपली खिळखिळी होते, विणीतून बोट आरपार जातं. म्हणून आधी सावलीत, हवेशीर जागी पूर्ण वाळवा आणि विणण्याआधी पुन्हा भिजवा. पातळ पातींना थोडा वेळ पुरतो, सालासकट जाड काड्यांना काही दिवसही लागतात. पाण्यातून काढून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा, म्हणजे ओल आतपर्यंत सारखी मुरते. मग एक काडी बोटाभोवती गुंडाळून बघा. तडकली तर अजून भिजू द्या, बुळबुळीत लागली तर जास्त झालं.

आणखी दोन गोष्टी:
- उभ्या काड्या आडव्यांपेक्षा जाड हव्यात, नाहीतर टोपली कलते. एकाच आडव्या काडीने सलग विणणार असाल तर उभ्यांची संख्या विषम ठेवा.
- अनोळखी वेल तोडू नका. काहींच्या चिकाने अंगावर फोड येतात.

रंग, नक्षी, झाकण सध्या राहू द्या. तळहाताएवढी साधी टोपली करा आणि पूर्ण वाळल्याशिवाय कपाटात ठेवू नका, बुरशी धरते.