रेक्स येतं, नेटरेक्सची सुरुवात कशी करू? (सांगलीत हळदीच्या अडत दुकानाची पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशोबाची पावती, बनवायची आहे)

रेक्स ही प्रोग्रॅमिंग भाषा येत असेल तर निम्मं काम झालंय. आयबीएममध्ये ज्यांनी रेक्स घडवली, त्या माइक काउलिशॉ यांनीच नेटरेक्सही बनवली. ती जावाच्या बाइटकोडमध्ये (जावा चालवू शकते अशा रूपात) कम्पाइल होते, म्हणून आधी जेडीके, म्हणजे जावाचा विकास संच टाका, मग नेटरेक्स. ती 2011 पासून मुक्त स्रोत आहे, पैसे लागत नाहीत.

लगेच क्लासच्या (माहिती आणि तिच्यावरची कामं एकत्र बांधणाऱ्या साच्याच्या) मागे लागू नका. डॉट एनआरएक्स फाइलमध्ये मजकूर दाखवणाऱ्या 'से'ची एकच ओळ लिहा आणि एनआरसी या नेटरेक्सच्या कमांडने कम्पाइल करा. फाइलच्या नावाचा क्लास आणि प्रोग्रॅम जिथून सुरू होतो ती मेन मेथड कम्पाइलर स्वतःच घालतो. कीप पर्याय दिलात तर तयार झालेला जावा कोडही मागे राहतो. तो एकदा वाचाच, क्लासचं निम्मं कोडं तिथेच सुटतं.

तुमच्या कामात खरा फायदा हिशोबाचा. इथली गणितं दशमान पद्धतीने होतात, त्यामुळे 0.1 आणि 0.2 मिळून बरोबर 0.3. पण मुळात अचूकता 9 अंकांचीच असते. मार्केट यार्डातली उलाढाल कोटीत गेली की 12345678.25 ची बेरीज करताना 12345678.3 होईल आणि पैसे जुळणार नाहीत. म्हणून सुरुवातीलाच न्यूमरिक डिजिट्स 20 करा. वेगासाठी ऑप्शन्स बायनरी वापरा असं कुणी सांगेल, पण पैशाच्या प्रोग्रॅममध्ये नकोच, कारण मग आकडे जावाच्या द्विमान प्रकारांत जातात आणि दशांश अचूक राहत नाहीत.

पट्टीचा क्लास नंतर करा: वजन, दर, अडत या प्रॉपर्टीज आणि रक्कम काढणारी एक मेथड.