हरण आणि उद्धरण

अमळनेरच्या एका वाचकांचा प्रश्न आहे : "पीएच.डी.च्या प्रबंधातली नक्कल पकडली गेली की पेपरात 'वाङ्मयचौर्य' असं छापून येतं. प्रबंध वाणिज्याचा किंवा रसायनशास्त्राचा असला तरी हा शब्द चालेल का? आणि असा प्रकार 'उघडकीस आणला' म्हणायचं की 'चव्हाट्यावर आणला'? आमच्या कॉलेजात यावरून दोन तट पडलेत."

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे : चालेल. वाङ्मय म्हणजे कथा-कविता हा अर्थ शाळेमुळे डोक्यात बसला आहे. मुळात वाक् + मय, वाणीने घडलेलं ते सगळं वाङ्मय. म्हणून तर 'शास्त्रीय वाङ्मय' हा प्रयोग कुणाला खटकत नाही. रावेर-यावलच्या केळीवर पडणाऱ्या करप्याचा प्रबंधही त्यात बसतो. शब्द अपुरा पडतो तो दुसऱ्याचे आकडे, तक्ते किंवा प्रयोगाच्या नोंदी ढापल्या तर. तिथे 'संशोधनचोरी' म्हणावं. 'कॉपी' मात्र नको. परीक्षेत कॉपी करणारा ज्या पुस्तकातून उतरवतो, त्या पुस्तकवाल्याचं काही जात नाही. प्रबंधात कुणाचं तरी जातं.

काय जातं, हे जुन्या शब्दांना नेमकं ठाऊक होतं. हजारेक वर्षांपूर्वी राजशेखर या संस्कृत कवीने 'काव्यमीमांसा' या ग्रंथात या प्रकाराला 'हरण' म्हटलं आहे : शब्दहरण, अर्थहरण. सीताहरणातलं हरण तेच. इंग्रजी 'प्लेजिअरिझम' ज्या लॅटिन 'प्लाजिआरिउस'वरून आला, त्याचा अर्थ माणसं पळवणारा. मार्शल या रोमन कवीच्या कविता एकजण स्वतःच्या म्हणून मिरवत होता, त्याला मार्शलने पहिल्या शतकात तो शब्द लावला. इकडे आणि तिकडे, दोन्हीकडे लोकांना घरातलं माणूस पळवून नेल्यासारखंच वाटलं!

आता 'उद्धरण' फोडून पाहा. उद् + हरण. धातू तोच, हृ. दुसऱ्याचं वाक्य आपणही उचलतोच, पण त्याच्या नावासकट वर उचलून दाखवतो. 'उदाहरण'ही याच घरातलं. हरण आणि उद्धरण यांत फरक एका उपसर्गाचा, आणि प्रबंधात त्या उपसर्गाचं काम अवतरणचिन्हं आणि तळटीप करतात. आमच्याकडे खळ्यात एखादी अनोळखी वस्तू पडलेली दिसली की म्हातारी माणसं आधी विचारतात, "हाई कोनं शे?" म्हणजे हे कुणाचं आहे? तळटीप म्हणजे या प्रश्नाचं उत्तर.

हे मी पोटतिडकीने लिहितो आहे, कारण मला त्याची झळ लागली आहे. अनेक वर्षांपूर्वी तापीकाठच्या गावांत फिरून मी जात्यावरच्या ओव्या उतरवून घेतल्या होत्या. पुढे त्या एका प्रबंधात दिसल्या. एका ओवीत मी एक शब्द चुकीचा ऐकला होता, तो चुकीचा शब्दही तसाच होता. माझं नाव नव्हतं, त्याचं वाईट वाटलंच. पण ज्या बायांनी पहाटे दळता दळता त्या मला सांगितल्या, त्यांची नावं मी प्रत्येक ओवीखाली लिहिली होती. तीही गाळली होती, आणि ते मी अजून विसरलेलो नाही. बहिणाबाईंना लिहिता येत नव्हतं. त्यांची गाणी कागदावर उतरली ती घरच्यांच्या हातून, आणि मुलगा सोपानदेव स्वतः नावाजलेला कवी. तरी १९५२ मध्ये ती छापली गेली तेव्हा नाव आईचंच लागलं. त्यांचंच नाव आज आपल्या विद्यापीठाला आहे.

आता दुसरा प्रश्न. 'उघडकीस' आणि 'उद्घाटन' यांचं मूळ एकच : झाकलेलं होतं, ते उघडलं. त्यात कुणाची अब्रू काढणं येत नाही. चव्हाटा म्हणजे चार वाटा मिळतात ती जागा. घरातलं भांडण, नवरा-बायकोचं वाजलेलं, हे चव्हाट्यावर येतं. म्हणजे जे चार लोकांत यायला नको होतं, ते येतं. प्रबंध असा खाजगी नसतो. तो लोकांनी वाचावा म्हणूनच 'शोधगंगा' या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात ठेवतात. दोन प्रबंधांची पानं शेजारी-शेजारी ठेवून सारख्या ओळी दाखवल्या, तर ते उघडकीस आणणंच झालं. २०११ मध्ये जर्मनीत संरक्षणमंत्री गुटेनबर्ग यांच्या प्रबंधाचं वाचकांनी हेच केलं, पानापानाने. बायरॉइट विद्यापीठाने डॉक्टरेट काढून घेतली, मंत्रिपदही गेलं. त्याच पानांऐवजी माणसाच्या जातीवर, घरावर बोलणं सुरू झालं, की तो चव्हाटा.

"पंधरा वर्षं झाली, आता कशाला उकरता?" असं म्हणणारा तट तुमच्याकडेही असणार. राजशेखराने दिलेल्या एका श्लोकाचा अर्थ असा : माणसाची इतर चोरी काळ लोटला की विरते, वाक्चौर्य मुला-नातवंडांपर्यंत विरत नाही. वाक्चौर्य! किती नेमका शब्द, आपण तो वापरातून घालवला.

एक चूक मात्र पेपरवाल्यांनी थांबवावी. "४५ टक्के वाङ्मयचौर्य" असं लिहू नये. हा आकडा देणारं सॉफ्टवेअर चोरी मोजत नाही, दोन मजकुरांतलं साम्य मोजतं. विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८ चे नियमही साम्याचेच टप्पे पाडतात : १० टक्क्यांपर्यंत शिक्षा नाही, ४० पर्यंत सहा महिन्यांच्या आत सुधारून द्या, ६० पर्यंत सुधारित प्रबंध द्यायलाही वर्षभर मनाई, त्यापुढे नोंदणी रद्द. नीट नाव देऊन घेतलेले उतारे आणि संदर्भसूची त्यातून वगळायची असते. उलट हिंदी प्रबंध मराठीत उतरवला तर साम्य जवळपास दिसणारच नाही, आणि चोरी मात्र अख्खी असेल. तेव्हा चौकशी होईपर्यंत 'साम्य आढळले' लिहा, आणि समितीचा निर्णय आल्यावर, न कचरता, 'वाङ्मयचौर्य सिद्ध झाले'.