स्तन लहान करण्याच्या ऑपरेशननंतर कोणती ब्रा घ्यावी? आणखी काय आणून ठेवू?

पुढून उघडणारी, तार नसलेली, मऊ सर्जिकल ब्रा घ्या, आणि एक नाही, दोन. एक धुवायला पडली की दुसरी अंगावर. मी सर्जरी वॉर्डात नर्स आहे, त्यामुळे हे रोज बघते: सुरुवातीला हात वर करून डोक्यातून कपडा घालवत नाही. खालची पट्टी रुंदच बघा, अरुंद इलॅस्टिक नेमकं टाक्यांवर रुततं. महागडी ब्रा सूज पूर्ण उतरल्यावर, साइज तोवर बदलत राहतो. बाकी गॉजचे पॅड, समोर बटणांचे गाऊन, पाठ उंच ठेवायला दोन-तीन उशा. (चहा-साखरेचे डबेही आधीच वरच्या फळीवरून खाली काढा!) ब्रा दिवसरात्र बहुधा ४ ते ६ आठवडे घालायला सांगतात, पण तुमचे सर्जन सांगतील तेच धरा.